ऑल्टरनेटचा रकाना

"टोपी काढ आधी," मी म्हणालो. "दबीर साहेबांची आहे ती. तुझ्या सासऱ्याची नाही."

तुषार आरशासमोर उभा होता. नागपूर विमानतळावर आमच्या ब्रीफिंगच्या खोलीत भिंतीला हातभर आरसा होता, कॅप्टन लोकांना टाय सारखा करायला. बाजूच्या खुंटीवर कॅप्टन दबीरांची जास्तीची टोपी लटकलेली असायची. तुषारला खोलीत येऊन दोन मिनिटं झाली नसतील, तर ती टोपी याच्या डोक्यावर.

"दादा, खरं सांग, कसा दिसतो?"

"बँडवाल्यासारखा."

तो खदखदून हसला. त्याला कधी काही लागायचंच नाही. टोपी त्याला मापानं शिवल्यासारखी बसली होती आणि माझा सगळा राग त्याचाच होता. मी त्या खुंटीखाली पाच वर्षं बसत होतो. खोलीत कोणी नसताना मीही एकदा ती घालून पाहिली होती. मला ती कानांवर आली होती.

ही १९९६ ची गोष्ट. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे साडेआठ. तुषार वर्ध्याहून पहिल्या बसनं आला होता. एका हातात काकूंनी दिलेला डबा, दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये आमच्याच कंपनीचं पत्र होतं. सुवर्णपंख एअरलाइन्समध्ये शिकाऊ को-पायलट म्हणून सोमवारी सकाळी दहा वाजता रुजू व्हावे.

तुषार माझा चुलत भाऊ, पाच वर्षांनी लहान. माझे वडील मी आठवीत असताना गेले, तेव्हापासून आई आणि मी वर्ध्याला काकांच्याच घरी. काकांनी कधी भेद केला नाही, हे मी कोणासमोरही सांगीन. पण विमानाचं वेड आधी मला लागलं होतं, हेही सांगीन. गच्चीवर मी या शेंबड्याला खांद्यावर घेऊन विमानं दाखवायचो आणि हा माझे केस ओढत विचारायचा, "दादा, ते कुठं चाललं?" मला काय माहीत कुठं चाललं! मी ठोकून द्यायचो. कलकत्ता. सिंगापूर. लंडन.

बारावीनंतर काकांनी ठरवलं, मनोहरला पायलट करायचं. नालवाडीचा प्लॉट विकायची बोलणी झाली. मग वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी माझ्यासमोर एक पुस्तक धरलं. पानभर रंगीत ठिपके. म्हणाले, आकडा वाच. मी म्हणालो, एकवीस. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, एकवीस. तिथे चौऱ्याहत्तर होते. म्हणे लाल-हिरव्याचा घोळ आहे डोळ्यात, जन्माचा. मला तोवर पत्ताही नव्हता. संपलं तिथंच.

प्लॉट राहिला. पाच वर्षांनी काकांनी तो तुषारसाठी विकला. तुषारला चौऱ्याहत्तर दिसले.

मी डिस्पॅचर झालो. म्हणजे विमान उडायच्या आधी त्याचा सगळा कागद तयार करणारा माणूस. वाटेत हवामान कसं आहे, इंधन किती घ्यायचं, वजन किती झालं, हे सगळं एका छापील कागदावर भरायचं, कॅप्टनला समजावून सांगायचं, म्हणजे ब्रीफिंग द्यायचं, मग खाली दोन सह्या, एक माझी, एक कॅप्टनची. वरची प्रत कॅप्टननं न्यायची, खालची कार्बनची माझ्याकडे राहायची. त्याशिवाय विमान जागचं हलत नाही. मी हे काम फार मन लावून करायचो. उडता येत नव्हतं, तर निदान माझ्या सहीशिवाय कोणाला उडू द्यायचं नाही, असं काहीतरी डोक्यात असावं.

"बस," मी म्हणालो. "चहा घेतला?"

"घेतला. दादा, आई म्हणाली, मनोहर म्हणेल तसं कर. तो आत बसलेला आहे, त्याला सगळं ठाऊक असते."

"आणि काका?"

"बाबा म्हणाले, विमा कंपनीचं काय ते पण विचार."

विमा कंपनीतही याची निवड झालेली होती. विकास अधिकारी, पोस्टिंग वर्धा, पक्की नोकरी. तिथेही सोमवारीच हजर व्हायचं होतं. नशीब एकेकाचं पाहा बाप्पा, एकाच दिवशी दोन दोन दारं उघडी. पायलटचं लायसन मिळून दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत त्याला एक पत्र आलं नव्हतं. आता आलं ते आमच्या कंपनीचं. आणि आमची कंपनी तेव्हा आचके देत होती, हे विमानतळावरच्या हमालालाही माहीत होतं.

"लोक काहीही सांगून राहिले," तुषार म्हणाला. "कोणी म्हणते बंद पडणार, कोणी म्हणते अरबांचा पैसा येणार. तू सांग. पण मला भाऊ म्हणून नको सांगू."

"मग काय म्हणून सांगू बे?"

"कॅप्टनला ब्रीफिंग देतो नं, तसं दे. याच कागदावर. सगळे रकाने भरून. मग मी ठरवतो."

मला हसू आलं. कल्पना मात्र आवडली. मी पॅडमधला एक कोरा कागद काढून त्याला दाखवला, हा हवामानाचा रकाना, हा इंधनाचा, हा वजनाचा. सगळ्यात खाली ऑल्टरनेटचा.

"हा सगळ्यात महत्त्वाचा," मी म्हणालो. मास्तरकी करायला मला आवडतं. "जिथं जायचं तिथं उतरता नाही आलं, तर कुठं उतरायचं? ते पर्यायी विमानतळ इथं लिहायचं. पाच वर्षांत हा रकाना भरल्याशिवाय माझ्या हातून एक कागद सुटला नाही. एक कॅप्टन म्हणाला होता, आभाळ लख्ख आहे, राहू दे. मी म्हटलं, साहेब, मग विमानही राहू द्या."

"मला माहीत आहे नं," तुषार म्हणाला. "फ्लाइंग क्लबात आमचे सर तुझं उदाहरण देत होते."

हे ऐकून मला बरं वाटलं. पुढे कितीतरी वर्षं ते वाक्य आठवलं की मला कसंतरी व्हायचं.

दबीर साहेब नऊला येणार होते. तुषारला त्यांना भेटायचं होतं. मी म्हणालो, "तू कँटीनमध्ये जाऊन बस, साडेदहाला ये. आत्ता इंदूरची गडबड आहे."

"साहेब भेटतील नं?"

"बघू."

तो गेला. जाताना टोपी त्यानं नीट खुंटीला लावली आणि तिच्यावरची धूळ रुमालानं झटकली.

कॅप्टन दबीर पन्नाशीचे, पुण्याचे, तिरके बोलणारे. आले ते हातात राजीनाम्याची प्रत घेऊनच. महिन्याभरातला हा चौथा कॅप्टन.

"वैरागडे, सुटलो बाबा. बंगलोरला नवी कंपनी निघते आहे. विमानं याच जातीची, आपल्यासारखीच. पगार मात्र वेळेवर देणार म्हणतात, बघू या चव कशी असते."

मी अभिनंदन केलं. मग, का कोण जाणे, मी स्वतःहूनच विषय काढला. बहुतेक त्यांच्या तोंडून नकार ऐकायचा होता. म्हणालो, "सर, माझ्या भावाला आपल्याकडचं पत्र आलंय. फ्रेश आहे. सोमवारी जॉइन व्हायचं. मी त्याला सांगतोय, इथं येऊ नको."

"का?"

"का म्हणजे? सर, तुम्हीच सोडून चाललात."

दबीर साहेब खुर्चीवर बसले. सावकाश चष्मा पुसला. "मी साडेसात हजार तास उडलेला माणूस आहे. माझं गणित वेगळं, त्याचं वेगळं. त्याचे तास किती?"

"अडीचशे. क्लबातले, छोट्या विमानावरचे."

"म्हणजे शून्य. अडीचशेवाले या देशात ढिगानं पडलेत. पण इथं काय होणार आहे, ऐक. माणसं सोडून चाललीत. उरतील त्यांना कंपनी उडव उडव उडवणार. सहा महिन्यांत पोराचे या विमानावर पाचशे तास होतील. बंगलोरवाले को-पायलटला फक्त एकच विचारतात, याच विमानावरचे पाचशे तास आहेत का? मार्क विचारत नाहीत, ओळख विचारत नाहीत."

"पण तीन वर्षांचा बाँड आहे, सर."

"बंद पडलेल्या कंपनीचा बाँड मागायला कोण येणार? तिचा चौकीदार?" ते हसले. "अरे, ही कंपनी बुडणारच आहे. पण तिला बुडायला सहा-आठ महिने लागतील आणि त्याला तेवढेच पुरेत. पगार मिळेल न मिळेल. घरचे सहा महिने भाकरी घालणार असतील तर डोळे मिटून ये म्हणावं. पुन्हा अशी संधी यायची नाही. कुठाय तो?"

"साडेदहाला येणार आहे, सर."

खोटं काही नव्हतं त्यात. साडेदहालाच येणार होता तो. तेव्हा तो माझ्या खोलीपासून साठ पावलांवर, कँटीनच्या बाकावर बसलेला होता.

"मी तर पावणेदहाला उडणार. मग तूच सांग त्याला. हे बंगलोरचं आठवणीनं सांग." त्यांनी कागदावर नजर टाकली, ऑल्टरनेट भोपाळ बघितलं, सही केली आणि गेले.

मी खिडकीतून त्यांचं विमान जाताना पाहिलं. मग खुर्चीत बसलो आणि मला दिसायला लागलं. रोज सकाळी मी इथं बसून कागद भरतोय. दारातून तुषार येतोय, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. मी त्याला हवामान सांगतोय, तो मान हलवतोय, सही करून जातोय. रोज. आज शिकाऊ, चार वर्षांनी कॅप्टन. वर्ध्याला गेलो की लोक त्याला विचारणार, काय रे, काश्मीर वरून कसं दिसतं? आणि मला विचारणार, तू त्याच्याच ऑफिसात आहेस नं? काकू त्याच्या ताटात पुरणपोळी वाढणार, ते तर आजही वाढायच्या आणि मलाही वाढायच्या, पण आता मी मोजणार कोणाला आधी वाढली ते. त्या टोपीखाली मी पाच वर्षं बसलो होतो आणि तो दोन मिनिटांत घालून मोकळा झाला होता.

मला सहन होईना. याहून चांगला शब्द मला तेव्हाही सापडला नव्हता, आजही नाही.

साडेदहाला तुषार आला. "दबीर साहेब?"

"उडाले."

"अरे! भेटले असते तर बरं झालं असतं." त्यानं खुर्ची ओढली, शर्टाची बाही खाली करून बटण लावलं आणि ताठ बसला. "हं. द्या ब्रीफिंग."

मी कार्बन घातला, पेन उघडलं.

"हवामान," मी म्हणालो. "चार कॅप्टन महिन्याभरात सोडून गेले. चौथे दबीर साहेब." मी लिहिलं, दृश्यता कमी, आणखी कमी होणार.

"दबीर साहेबही?"

"आजच राजीनामा दिला. इंधन. तेलवाले आता उधारीवर भरत नाहीत. विमान उभं राहते, मॅनेजर पैसे घेऊन धावत येतो, मग नळी लागते. परवा रायपूरचे प्रवासी दीड तास आत बसून होते. पगार डिसेंबरचा झालेला नाही." मी लिहिलं, इंधन अपुरे.

तुषार कागदावर वाकला. मी त्याला खिडकीपाशी नेलं. मैदानाच्या पार कोपऱ्यात आमचं तीन नंबरचं विमान उभं होतं. दोन्ही पंखे काढलेले, एका इंजिनावर ताडपत्री, दोऱ्यांनी आवळलेली.

"चार विमानांपैकी उडतात तीन. त्या तिघांचं काही बिघडलं की याचं काढून लावतात. दोन महिन्यांपूर्वी याला चाकं तरी धड होती."

"बाप्पा," तो हळूच म्हणाला.

"वजन. तीन वर्षांचा बाँड. सही केली की मध्येच सोडता येत नाही." तेही लिहिलं. बंद पडलेल्या कंपनीच्या चौकीदाराबद्दल काही लिहिलं नाही.

मग मी विमा कंपनीचं सांगितलं. पक्की नोकरी, घरचं जेवण, काका-काकूंची साठीकडे वाटचाल. मी किती छान बोलत होतो म्हणून सांगू! एकही गोष्ट खोटी नव्हती. कोणीही येऊन तपासावी. माझ्या आवाजात काळजी होती आणि ती ऐकून मलाच वाटायला लागलं, की मी खरोखर भावाचं भलं करतोय.

पेन ऑल्टरनेटच्या रकान्यापाशी आलं. बंगलोर. एक शब्द लिहायचा होता. पाचशे तास आणि बंगलोर.

मी पेनाला टोपण लावलं.

तुषारनं कागद आपल्याकडे ओढला. वरून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. त्याचं बोट खालच्या ओळीशी थांबलं, क्षणभर तिथंच राहिलं.

"झालं नं दादा सगळं?"

"झालं."

"म्हणजे, नको?"

"मी डिस्पॅचर. मी फक्त सांगतो. ठरवायचं कॅप्टननं."

तो हसला, पण आवाज न करता. त्याला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "मग सही पाहिजे नं कॅप्टनची," तो म्हणाला आणि त्या रकान्यात त्यानं वळणदार अक्षरात सही केली, कॅप्टन टी. वैरागडे. मी बाजूला माझी केली. वरची प्रत त्यानं घडी न घालता फाइलमध्ये, त्या पत्राच्या मागे ठेवली. कार्बनची मी खणात टाकली.

बाहेर आमचं दुसरं विमान धावपट्टीवर निघालं. तुषार खिडकीशी जाऊन उभा राहिला. ते उचललं, वळलं, बारीक झालं, तरी तो बघतच होता.

"दादा, ते कुठं चाललं?"

"रायपूर," मी म्हणालो. या वेळी मला खरंच माहीत होतं.

डब्यात काकूंनी दोघांसाठी शेंगोळे दिले होते. त्यानं खाल्ले नाहीत. म्हणाला, तूच खा, मला भूक नाही. आणि दुपारच्या बसनं वर्ध्याला गेला. मी सगळे खाल्ले.

सोमवारी तो विमा कंपनीत रुजू झाला.

सुवर्णपंख ऑक्टोबरात बंद पडली. फाटकाला कुलूप, बाहेर माणसं, आत फिरकायला कोणी नाही, वर्तमानपत्रात फोटो. मी आठवडाभर घरी बसलो होतो, तेव्हा काकूंनी मला वर्ध्याला बोलावून घेतलं. दिवाळी होती. पाटावर बसवून त्यांनी मला कुंकू लावलं, शर्टपीस आणि नारळ हातात दिला आणि अख्ख्या गोतावळ्यासमोर म्हणाल्या, "मनोहर होता म्हणून माह्या पोराचं वाचलं. नाही तर आज हाही रस्त्यावर असता." काकांनी पाठीवर हात ठेवला. तुषार बाजूलाच होता. तो वाकून माझ्या पाया पडला. मी तो शर्ट शिवला नाही. काकू मात्र जाईपर्यंत, दर दिवाळीला, कोणी नवा पाहुणा आला की ही गोष्ट सांगायच्या, आणि मला बसून ऐकावी लागायची.

त्या सोमवारी सुवर्णपंखमध्ये तीन पोरं रुजू झाली होती. तिघांनाही शेवटचे चार पगार मिळाले नाहीत. तिघांचेही पाचशेच्या वर तास झाले आणि तिघंही जानेवारीत बंगलोरला लागली. मी पुढे दुसऱ्या कंपनीत डिस्पॅचरच झालो. २००२ मध्ये त्यांच्यातला एक, फर्नांडिस म्हणून होता, माझ्या टेबलासमोर कॅप्टन होऊन उभा राहिला. म्हणाला, "आमच्याबरोबर तुमचा भाऊ येणार होता नं? का नाही आला? त्या सहा महिन्यांनी आमचं आयुष्य लागलं मार्गाला." मी म्हणालो, घरची अडचण होती. त्याच्या कागदावर मी ऑल्टरनेट रायपूर लिहिलं, आणि अक्षर इतकं वाकडं आलं की त्यानं विचारलं, काय लिहिलंय?

आणि तुषार? तुषार चांगला विमावाला झाला. वर्ध्यात निम्म्या घरांच्या पॉलिसी त्याच्या. लायसनची मुदत गेली, त्यानं पुन्हा काही केलं नाही. पोट सुटलं, केस गेले. गच्चीवर बसलो असताना वरून विमान गेलं तर आम्ही सगळे मान वर करतो. तो करत नाही. बोलत असतो ते वाक्य पूर्ण करतो.

इथपर्यंत मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, हे फक्त मला माहीत आहे आणि माझ्याबरोबरच जाईल. कधी कधी तर मी स्वतःला पटवायचो, की सांगितलं असतं तरी काकांनी पाठवलंच नसतं.

मागच्या वर्षी जूनमध्ये तुषारचा फोन आला. "दादा, श्रुतिकाला घेऊन येतो रविवारी. तिला तुझ्याशी बोलायचं आहे."

श्रुतिका त्याची मुलगी, चोवीस वर्षांची. तिचं लायसन होऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्या शिक्षणासाठी तुषारनं काय काय मोडलं ते मला ठाऊक होतं. आली ती पाया पडून माझ्या बाजूलाच बसली, बापासारखी मोकळी. एका नव्या छोट्या कंपनीचं पत्र आलं होतं. पाच विमानं, त्यातली दोन उभी, मालक बदलायच्या गोष्टी चाललेल्या. बुधवारी रुजू व्हायचं. इकडे दिल्लीत एका मोठ्या कंपनीच्या ट्रेनिंग विभागात टेबलावरचं काम मिळत होतं. पक्कं.

"मोठे बाबा," ती म्हणाली, "बाबा म्हणतात, तुमच्या ब्रीफिंगवर त्यांनी आयुष्य काढलं. मलाही तसंच द्या."

चेष्टा म्हणून म्हणाली ती. तिच्या मनगटावर जाडजूड घड्याळ होतं, पायलट पोरं घालतात तसं. आणि सांगायला लाज वाटते, सत्तावन्नाव्या वर्षी, ज्या पोरीला मी झोळीत झुलवलं तिच्याकडे बघताना मला पुन्हा तेच सहन होईना. हिलाही चौऱ्याहत्तर दिसले. तोंडात पहिलं वाक्य तयारसुद्धा झालं होतं, की बेटा, घाई नको.

"थांब," तुषार म्हणाला.

त्यानं बॅगेतून एक फाइल काढली. विमावाला माणूस, एक कागद सुटा ठेवत नाही. प्लास्टिकच्या खोळीतून त्यानं एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्या समोर ठेवला. माझं अक्षर मी ओळखलं. दृश्यता कमी, आणखी कमी होणार.

"श्रुती, हे बघ, असं ब्रीफिंग असते," तो म्हणाला. "सगळं बरोबर लिहिलेलं आहे दादानं. एक शब्द चुकीचा नाही. फक्त हा रकाना तेवढा आज आधी भरून घे." आणि त्याचं बोट खालच्या ओळीशी थांबलं. तिथंच, जिथं अठ्ठावीस वर्षांपूर्वी थांबलं होतं.

मी विचारलं, "कधी कळलं?"

"रिकामा आहे ते? सही करतानाच."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार दादा? तो रकाना भरल्याशिवाय तू कागद सोडत नाहीस, हे मला पक्कं माहीत होतं. मला वाटलं, दादानं रिकामा ठेवला म्हणजे खरंच कुठं उतरायला जागा नसेल." तो नेहमीच्याच आवाजात बोलत होता. "मग पुढे दबीर साहेब भेटले. त्यांची पॉलिसी मीच केली, दोन हजार चार साली. ते म्हणाले, तुझ्या भावाजवळ निरोप दिला होता."

दोन हजार चार. म्हणजे वीस वर्षं. वीस दिवाळ्या काकूंची ती गोष्ट तो माझ्या शेजारी बसून ऐकत होता आणि पाया पडत होता.

श्रुतिकाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती कागद उजेडाकडे धरून वाचत होती. "बाबा," ती एकदम म्हणाली, "ही तुमची सही? तुम्ही कॅप्टन लिहिलंय!"

"हो," तुषार म्हणाला. "एकदाच केली तशी."

मला त्याच्याकडे बघवेना. मी उठलो, टेबलातून एक कोरा कागद घेतला, पट्टीनं रकाने आखले. श्रुतिका बाजूला सरकून बसली. मी पेन उघडलं आणि सगळ्यात आधी खालच्या ओळीवर नेलं. तिनं कागद दाबून धरला.

"ऑल्टरनेट," मी म्हणालो. "लिहून देतो. नीट ऐक, बेटा."